पाडलेली खोली

आमच्या वसाहतीतली साठ घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी होती. कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली, बैठी, सपाट गच्चीची. पुढे एक खोली, मग मधली खोली, बाजूला स्वयंपाकघर आणि मागे भिंतीने वेढलेलं अंगण. इतकी सारखी, की लहानपणी मी दोनदा शाळेतून येऊन शेजारच्या घरात दप्तर फेकलं होतं आणि खायला मागितलं होतं. दुसऱ्या वेळी त्या काकूंनी मुकाट्याने दिलंही.

पुढे कारखान्याने घरं ज्याची त्याच्या नावावर करून टाकली आणि चार-पाच वर्षांत वसाहत ओळखू येईना. ज्याला त्याला एक खोली वाढवायची होती. कुणी पुढे सरकलं, कुणी मागे, कुणी वर. आणि ही सगळी वाढीव बांधकामं केली एकाच माणसाने.

त्यांचं खरं नाव वसाहतीत फार थोड्यांना माहीत असेल. त्यांना सगळे 'होऊन जाईल' म्हणत. तोंडावर 'मिस्त्री', पाठीमागे 'होऊन जाईल'. कारण काहीही विचारलं तरी उत्तर ठरलेलं. "मिस्त्री, इथून जिना काढता येईल?" "होऊन जाईल." "अंगणात दोन खोल्या बसतील?" "होऊन जाईल." माणूस अंगाने बारीक, हाताची बोटं मात्र जाड, नखांत कायम सिमेंट. बोलणं कमी. नाही म्हणणं तर नाहीच.

कामात मात्र कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती, हे आधी सांगायला हवं. ओळंबा सोडून भिंत पाहायचे, मग एक डोळा मिटून पाहायचे, मग दुसरा मिटून. तसूभर फरक दिसला तर ओली वीट उचलून परत बसवायचे. कुणाच्या घरी सहज भेटायला गेले आणि तिथली भिंत कललेली असली तर त्यांचं बोलण्यात लक्ष लागायचं नाही. पुन्हा पुन्हा नजर तिकडेच. त्यांनी बांधलेली एकही भिंत आजवर तडकलेली नाही. चूक भिंतीत नसायचीच. ती भिंत तिथे असण्यातच असायची.

आमच्याच घराचं सांगते. बाबांना वर एक खोली हवी होती. जिन्याला जागा कुठेच नव्हती. मिस्त्रींनी तो स्वयंपाकघरातून, शेगडीच्या बाजूने काढला. शेवटून तिसऱ्या पायरीवर डोक्याशी तुळई यायची. पहिल्या आठवड्यात बाबांनी तीनदा कपाळ फोडून घेतलं, मग वाकायला शिकले. पुढे ते दुसऱ्यांच्या घरीही जिना चढताना वाकायचे आणि लोक बघत राहायचे. आई म्हणायची, "आमच्या घरात माणूस कितीही ताठ असू दे, वर जायचं तर मान खाली घालावीच लागते." कारखान्यातल्या दवाखान्याच्या कंपाउंडरने पुढच्या बाजूला न्हाणीघर काढलं; आता पाहुणा आला की आधी बादली ओलांडायचा, मग बैठकीत. कोपऱ्यावरच्या दोन भावांनी आपापल्या हद्दीपर्यंत खोल्या भिडवल्या. दोघांच्या खिडक्या समोरासमोर, मध्ये वीतभर जागा. एकाने खिडकी उघडली की दुसऱ्याला आपली मिटून घ्यावी लागायची.

बाबांनी एकदा मिस्त्रींना छेडलं होतं, "अहो, बांधताना दिसलं नाही का तुम्हाला, डोकं आपटणार ते?"

"दिसलं होतं."

"मग बोलला नाहीत ते?"

"घर तुमचं, हौस तुमची. माझी फक्त भिंत," मिस्त्री म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. त्यांना खरोखर तसंच वाटायचं. मालकाच्या घरात आपण तोंड घालणं त्यांना अगोचरपणाचं वाटायचं.

आमच्या रांगेत शेवटच्या घरात रफूवाल्या मावशी राहायच्या. नवरा लवकर गेला. त्यानंतर मुलगा लहानाचा मोठा केला तो सुई-दोऱ्यावर. फाटलेल्या, कुरतडलेल्या, सिगारेटने जळलेल्या कापडावर त्या असं काम करायच्या की भोक कुठे होतं ते मालकालाही सापडू नये. कोट असला तर त्याच्याच आतल्या शिवणीतून धागे उपसायच्या आणि ताणा-बाणा धरून एकेक धागा परत विणायच्या. तसे धागे मिळण्यासारखे नसले, तर त्यांची लाकडी पेटी होतीच. तिच्या खणांमध्ये रिळं आणि लडी, रंगांप्रमाणे लावलेल्या. नुसत्या करड्या रंगाचा एक अख्खा खण. गावातले ड्रायक्लीनिंगवाले आपलं अवघड काम त्यांच्याकडे पाठवायचे. मावशी म्हणायच्या, "रफू केलेलं दिसलं, तर ते रफू नव्हे, ठिगळ."

त्यांची बसायची जागा मधल्या खोलीत, अंगणाच्या खिडकीखाली. त्या खिडकीतून थेट ऊन कधी यायचं नाही. अंगणाच्या पांढऱ्या भिंतीवर पडून परतलेला मऊ, एकसारखा उजेड यायचा. सकाळी दहा ते चार मावशी तिथे. आईने मला काही द्यायला-घ्यायला पाठवलं की मी खिडकीच्या कठड्याला टेकून बघत बसायचे. त्या मान वर न करता म्हणायच्या, "बाजूला हो गं, तू रंग खातेस." म्हणजे माझ्या लाल फ्रॉकचा रंग उजेडात मिसळायचा आणि कापडावर पडायचा. मला तो कधी दिसला नाही. त्यांना दिसायचा.

मुलाचं लग्न झालं, सून आली, तिला दिवस गेले. मधल्या खोलीत मावशी, त्यांची पेटी, लोकांचे कोट; नवीन जोडप्याने जायचं कुठे? मुलाने मागच्या अंगणात खोली काढायची ठरवली आणि मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी वितीने, मग पट्टीने अंगण मोजलं. जागा एवढीच होती की नव्या खोलीची एक भिंत म्हणजे मधल्या खोलीचीच भिंत धरावी लागणार. खिडकीसकट.

मावशी हातातला कोट तसाच मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या उजेडाचं काय?"

मिस्त्रींनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "वर झरोका ठेवू. ट्यूब लावून घ्या चांगली. होऊन जाईल, मावशी."

मुलगाही म्हणाला, "आई, दोन ट्यूब लावू. दिवसापेक्षा लख्ख उजेड पडेल."

दोन महिन्यांत खोली उभी राहिली. देखणी झाली. चारही कोपरे गुण्यात, अचूक काटकोनात, फरशी आरशासारखी. खिडकीची चौकट काढून ती जागा विटांनी बुजवली आणि नव्या खोलीच्या बाजूने तिथे भिंतीतलं कपाट केलं. मावशींनी शेवटच्या दिवशी मिस्त्रींना चहा दिला. नातवंड येणार होतं. कुरकूर करायची ती वेळ नव्हती.

त्यानंतर मावशींना मी पाहायचे ती ट्यूबखाली. कापड डोळ्यांजवळ धरायचं, लांब धरायचं, मान इकडे करायची, तिकडे करायची. पुढच्या खोलीत बसावं तर तिथे आधीच्याच वर्षी रस्त्याच्या बाजूला पत्र्याची मोठी शेड काढलेली, मुलाच्या गाडीसाठी. त्यामुळे तिथेही भर दुपारी तिन्हीसांज. झरोक्यातून येणारा उजेड छतापुरताच राहायचा, खाली उतरायचाच नाही.

वर्षभराने एक तपकिरी कोट परत आला. ड्रायक्लीनिंगवाला स्वतः घेऊन आला होता. आत न येता त्याने तो फाटकाशीच उन्हात धरला. "मावशी, जरा बघा."

कोपरावर रुपयाएवढा हिरवट डाग दिसत होता. विणकाम नेहमीसारखंच, नजर न ठरणारं, पण रंग चुकलेला. मावशींचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी ते उसवून पुन्हा केलं. मग एका निळ्या पँटचं तसंच झालं. माणसं चांगली होती, वाईट बोलली नाहीत. काम पाठवायचं हळूहळू कमी केलं एवढंच. मावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. चष्म्याचा नंबर बदलला. मग परत बदलला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण इतक्यात काही करायला नको, असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'मोतीबिंदू' एवढंच मावशींनी घरी आणलं.

"डोळे गेले माझे," त्या सगळ्यांना सांगू लागल्या. आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. वय झालं, डोळे जाणारच. आई म्हणाली, "चाळीस वर्षं डोळे फोडून काम केलं बाईने, पुरे झालं आता." मी त्या घरात इतकी येऊन-जाऊन असायचे, माझ्याही डोक्यात दुसरं काही आलं नाही. मावशींनी पेटी बंद करून कोपऱ्यात सरकवली.

नातीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी मुलाची बदली झाली. तो बायको-मुलीला घेऊन गेला. मागची खोली बंद झाली. तिच्यात रिकामे खोके, मोडका पाळणा, एक सायकल. मावशी पुन्हा एकट्या. फरक इतकाच की आता घर एका खोलीने मोठं होतं.

मग एका पावसाळ्यात त्या खोलीचा नवा स्लॅब आणि जुनी भिंत जिथे जुळली होती तिथून पाणी झिरपायला लागलं. अशा जोडावर हे कधी ना कधी होतंच, कितीही चांगलं काम असलं तरी. पाऊस थांबल्यावर मावशींनी मिस्त्रींना निरोप धाडला. मिस्त्री आले त्या सकाळी मी तिथेच होते, आईने डबा परत करायला पाठवलं होतं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते.

ओल मधल्या खोलीच्या कोपऱ्यात उतरली होती आणि पेटीच्या बुडाशी पोचली होती. मिस्त्री म्हणाले, "आधी ही बाहेर काढू, मग भिंत बघतो." आम्ही दोघांनी धरून पेटी पुढे नेली. शेडखाली अंधार म्हणून तशीच फाटकापर्यंत नेली आणि उन्हात पायरीवर ठेवली. मावशी मागून वर्तमानपत्रं घेऊन आल्या. पायरीवर बसल्या आणि एकेक खण उपसून रिळं पसरायला लागल्या.

थोड्याच वेळात त्या करवादल्या. "हा निळा काळ्यांत कुणी घातला? आणि हा बघा, हिरवा, सरळ करड्यांच्या खणात! सूनबाईने हात लावला असणार माझ्या पेटीला. किती वेळा सांगितलं होतं..." बोलता बोलता त्यांची बोटं चालत होती. काळ्यांचे त्यांनी बघता बघता चार ढीग केले. निळसर काळा, तांबूस काळा, धुऊन विटलेला काळा आणि खरा काळा.

मिस्त्री शेजारी उकिडवे बसून बघत होते. त्यांनी दोन ढिगांतलं एकेक रीळ उचललं, उलटसुलट केलं. "मावशी, हे दोन वेगळे आहेत?"

"म्हणजे काय! हा निळा आहे ना."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतायत."

"कसे दिसतील सारखे? नीट बघा."

"मी नीटच बघतोय," मिस्त्री म्हणाले. "मला दिसत नाही. तुम्हाला दिसतंय."

मावशींची बोटं थांबली. त्यांनी हातातल्या रिळाकडे पाहिलं, मग पायरीवरच्या सगळ्या ढिगांकडे. पेटी शेवटची कुणी लावली होती ते त्यांना आठवलं असावं. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. ट्यूबखाली बसून तो निळा त्यांनीच काळ्यांत ठेवला होता.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, वर्तमानपत्राचा कोपरा उडाला, तो मी पायाने दाबून धरला.

"म्हणजे डोळे नव्हेत," मावशी म्हणाल्या.

"खिडकी मी बुजवली," मिस्त्री म्हणाले.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, होऊन जाईल."

"हो."

मावशींचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मिस्त्री उठले आणि आत गेले. मला वाटलं ओल बघायला गेले. बराच वेळ आवाज नाही म्हणून मी डोकावले, तर ते मधल्या खोलीत मावशींच्या खुर्चीवर बसलेले, ट्यूब बंद करून, दोन्ही हात गुडघ्यांवर. तासभर तरी बसले असतील. गिलावा वाळला की मिस्त्री घराबाहेर पडतो. आत काय होतं ते बघायला तो थांबत नाही. आपण बांधलेल्या खोलीत नुसतं बसून राहायची ही त्यांची पहिलीच वेळ, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. मावशींनी रात्रभर विचार केलेला दिसत होता. त्यांनीच विचारलं, "स्लॅबला भोक पाडून काच बसवता येईल का? नाहीतर त्या कपाटाच्या जागी परत खिडकी केली तर?"

"होऊ..." मिस्त्रींच्या तोंडून निघालं आणि ते थांबले. हातातली पट्टी त्यांनी मिटली. "नाही. नाही होणार. काचेतून ऊन येईल, दुपारी तासभर, डोक्यावर. आणि खिडकी केली तरी ती त्या खोलीत उघडणार. तिथेच अंधार, तर इथे काय येणार? तुम्हाला हवा तो उजेड अंगणातून यायचा. अंगणच ठेवलं नाही मी."

"मग?"

"खोली पाडावी लागेल."

मुलाने फोनवर ऐकलं तेव्हा त्याला आधी थट्टाच वाटली. मग तो चिडला. "आई, बांधलेली खोली पाडतात का कुणी? उद्या घर विकायचं झालं तर?"

"मी अजून राहते आहे त्यात," मावशी म्हणाल्या.

तो रविवारी स्वतः आला. आधी मिस्त्रींवर तोंडसुख घेतलं. "तुम्हीच बांधलीत, तुम्हीच पाडायला निघालात. उद्या पुन्हा बांधायला याल. बरा धंदा आहे!" मग तो आईकडे वळला. "आणि आम्ही आलो की राहायचं कुठे?"

मावशींनी त्याला वाढलेलं ताट पुढे सरकवलं आणि साधेपणाने विचारलं, "गेल्या तीन वर्षांत किती वेळा आलात रे राहायला?"

मुलगा मनाने खोटा नव्हता. त्याने खरंच आठवून पाहिलं. "दोनदा," तो म्हणाला. जेवण झाल्यावर तो मागच्या खोलीत गेला, खोके हलवले, सायकलीच्या चाकात हवा आहे का ते दाबून बघितलं. त्याने हौसेने बांधलेली पहिली गोष्ट होती ती. निघताना म्हणाला, "तुला काय करायचं ते कर. मी असताना मात्र पाडू नका." आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

पाडायचं काम मिस्त्रींनी एकट्याने घेतलं, सोबत फक्त स्लॅब तोडायला दोन गडी. आठवड्यात होईल असा त्यांचा अंदाज. पण खोली त्यांनीच बांधलेली! घण घातला की ठिणगी उडायची, वीट हलायची नाही. ते घामाघूम होऊन भिंतीकडे असे बघायचे, जसं काही दुसऱ्याच कुणी मुद्दाम त्यांना छळायला ती बांधली होती. वसाहतीला करमणूक मिळाली. बाबा अंगणाच्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मिस्त्री, एखादं काम थोडं वाईट करायला काय हरकत होती?" मिस्त्री पहिल्यांदाच हसले. तिसरा आठवडा संपत आला तेव्हा अंगण मोकळं झालं.

बुजवलेली खिडकी शेवटी राहिली होती. ती त्यांनी घणाने फोडली नाही, छिन्नीने सांधे मोकळे करून वीट वीट काढली. मावशी आत खुर्चीवर बसून होत्या; धूळ उडेल, बाहेर बसा, असं सांगूनही हलल्या नाहीत. वरची ओळ निघाली तसा उजेडाचा एक पट्टा समोरच्या भिंतीवर पडला, मग रुंदावत खाली आला. आम्हाला वाटलं मावशींच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अगं बाई, भिंत किती कळकट झालीय! आणि मी आल्यागेल्याला इथेच बसवत होते!"

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. मधल्या काळात लोकांनी फाटकं फेकून नवीन घ्यायची सवय लावून घेतली होती. ड्रायक्लीनिंगचं एक दुकान बंद पडलं होतं. मावशींकडे महिन्याला तीन-चार कपडे यायचे, कधी तेही नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे खरोखरच करावं लागलं. पण जमेल ते त्यांनी केलं आणि केलेलं कुणाला दिसलं नाही. काम नसलं तरी त्या दहा ते चार तिथेच बसायच्या. मुलगा, सून, नात आले की पुढच्या खोलीत गाद्या घालायचे. नातीला म्हणे तेच आवडायचं, सगळी एकत्र म्हणून.

बदलले ते मिस्त्री. त्यानंतर कुणी कामाला बोलावलं की ते पट्टी खिशातून काढायचेच नाहीत. "आधी बसू द्या थोडं," म्हणायचे आणि जी खोली वाढवायची तिच्या शेजारच्या खोलीत बसायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा. घरातल्या बायकांना विचारायचे, "तुम्ही दुपारी कुठे बसता? धान्य कुठे निवडता? म्हातारं माणूस कुठे पडून असतं?" घरमालक वैतागायचे. कंपाउंडरला न्हाणीघरावर आणखी एक मजला हवा होता. मिस्त्री दोन दिवस जाऊन बसले आणि म्हणाले, "नाही होणार." कंपाउंडर आमच्या घरी येऊन सांगत होता, "माणूस कामातून गेला हो! होऊन जाईलचा नाही होणार झाला!" त्याने दुसऱ्याकडून मजला चढवून घेतला.

मिस्त्रींचं काम निम्म्यावर आलं. त्यांची बायको आईजवळ रडकुंडीला येऊन म्हणाली, "लोक खोली मागतात आणि हे शहाणपण देऊन येतात." पण जी कामं ते घ्यायचे त्यांत फरक दिसायला लागला. खोली दोन हात मागे सरकवून मध्ये आकाश दिसेल इतकी फट ठेवलेली, दार भलत्याच बाजूला वाटावं पण राहायला लागल्यावर पटावं असं. कोपऱ्यावरच्या भावांकडे तर ते न बोलावता गेले. एकाने तरी खिडकीची झडप सरकती करून घ्यावी, मी करून देतो, म्हणाले. पण तोवर भावांचं बोलणं बंद झालं होतं. प्रत्येकाचं म्हणणं, आधी त्याने करावी. मिस्त्रींनी हात टेकले.

मी त्यांना शेवटचं भेटले ते माझ्याच घरी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आम्ही शहराच्या कडेला घर घेतलं होतं आणि मला गच्चीवर कामाची खोली हवी होती. मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली होती, दोन बस बदलून आले. काठी भिंतीला टेकवली, चहा घेतला आणि गच्चीवर खुर्ची टाकून बसले. मी कागदावर काढलेला नकाशा त्यांनी पाहिला, तारीफही केली. मग पलीकडे, अगदी खेटून असलेल्या बैठ्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे कोण राहतं?"

"कुणीतरी बाई आहेत. मला नाही माहीत."

"ती खाली दिसते ती त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी ना?"

"असेल."

"तुझी भिंत आली की तिथे काय होईल ते आधी जाऊन विचार. मग बोलू."

मला राग आला, खरं सांगते. माझी गच्ची, माझी हद्द, सगळं नियमात. दोन बस बदलून आलेल्या माणसाला रागाने बोलणं शोभलं नसतं, म्हणून गोड बोलून त्यांना बसपर्यंत सोडलं. शेजारी काही गेले नाही. दुसरा माणूस बघितला, त्याने महिन्याभरात खोली उभी केली. मिस्त्रींना कळवलं नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं आईकडून समजलं. मावशी तेव्हा होत्या, मी त्यांना भेटायला गेले. त्या म्हणाल्या, जायच्या आधी महिनाभर मिस्त्री अधूनमधून यायचे आणि अंगणात नुसते बसायचे.

माझी खोली चांगली झाली आहे. मी तिथे रोज बसते. या वर्षी, उशिरा का होईना, मी शेजारच्या घराची बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाई माझ्याहून थोड्या मोठ्या, हात पिठाचे. आठ वर्षं आम्ही एकमेकींना फक्त मान हलवून ओळख दिली होती. दुपारचे तीन वाजले होते. "या ना, आत या," त्या म्हणाल्या आणि आधी दिवा लावला. मग मला स्टूल दिलं. मी बसले, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवायच्या आतच मी माझ्या गच्चीवरच्या भिंतीचा विषय काढला.